रिस्टार्ट करून दाखव!

"पाच मिनिटांचं काम!" हर्षद घाडीगावकरने रिक्षात बसल्या बसल्या हाताची पाचही बोटं नाचवली. "पाच मिनिटांत कॉम्प्युटर ठीक करतो, आणि सहाव्या मिनिटाला नाखवा स्वतः म्हणतात की नाही बघा... जावईबापू, पोरगी तुमची!"

कांजूरमार्गहून रिक्षा निघाली तेव्हापासून हे चालू होतं. त्याच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा आणि मांडीवर देवगडहून आलेल्या फणसपोळीचा डबा. रिक्षावाल्यालासुद्धा आता लिनक्सचे चार फायदे पाठ झाले असतील.

"आणि नाय झाला तर?" बाबांनी विचारलं.

बाबा म्हणजे दशरथ घाडीगावकर. विशीत असताना गिरणी बंद पडली, मग विक्रोळीच्या कारखान्यात जन्म काढला, आता निवृत्त. कमी बोलायचे, पण जे बोलायचे ते नेमकं नको तेव्हा!

"बाबा, मी सिस्टिम अॅडमिन आहे. अंधेरीच्या एमआयडीसीत अख्खी कंपनी माझ्या जिवावर चालते!"

"ता खरा. पण नाय झाला तर?"

"अहो, शुभ बोला ना जरा!" आई म्हणाली. आई म्हणजे शेवंती. तिनं आज ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती आणि त्या साडीला रिक्षातल्या धुळीचा एक कणही लागू द्यायचा नाही असा तिचा निर्धार होता.

आता एवढं काय अडलं होतं ते सांगतो. हर्षदच्याच ऑफिसात अकाउंट्सला भाविका तांडेल होती. खारदांड्याची, कोळ्यांची पोरगी. दोघांचं जमलं होतं आणि चांगलं घट्ट जमलं होतं. भाविकाचे वडील हरेश्वर तांडेल, स्वतःच्या बोटीचे मालक. अख्खा दांडा त्यांना नाखवा म्हणायचा. नाखवांच्या घरी एक कॉम्प्युटर होता. सकाळी वारा कुठनं आहे ते बघायचं आणि संध्याकाळी मोठ्या आवाजात गाणी लावायची, एवढंच त्याला काम. मध्यंतरी त्यात व्हायरस भरले. हर्षदने लगेच संधी साधली, भाविकामार्फत घरात शिरला आणि त्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स टाकून आला.

"बघ तू," तेव्हा तो भाविकाला म्हणाला होता, "एकदा सासऱ्याच्या घरात लिनक्स घुसलं की मागोमाग मी!"

झकास चाललं होतं सगळं. आणि मग गेल्या महिन्यापासून त्या कॉम्प्युटरला एक खोड लागली. रिस्टार्ट केला की लटकायचा! काळा पडदा आणि वर कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहायची. बास. पुढे नाही, मागे नाही.

नाखवांनी भाविकाला सांगून टाकलं, "ज्यानं हे घातलंय, त्याला बोलव. त्याच्या आईबापालापण बोलव. लग्नाचं बोलू. पण पयला कॉम्प्युटर!"

आणि वर हेही सांगितलं की वर्सोव्याचं एक स्थळ आलंय. मुलाच्या घरी दोन बोटी आहेत. दोन्ही बोटी रिस्टार्ट होतात!

दांड्याला नाखवांचं घर गल्लीच्या तोंडाशीच. दारात जाळी पसरलेली, आत पायरी चढताच कोलंबीचा वास. आईनं डोळे मिटून तो वास छातीत भरून घेतला. मालवणी बाईला दुसरं कसलं स्वागत लागत नाही.

"या, या! बसा!" जयाकाकी, म्हणजे भाविकाची आई, स्वयंपाकघरातून हात पुसत आली. अंगावर भरजरी लुगडं, गळ्यात सोन्याची पोत, आवाज असा की समुद्रावर उभी राहून हाक मारली तर बोट वळून परत यावी! "पापलेट हाय, रावस हाय, कोलंबीचं कालवण हाय. खाता ना?"

"खातंव? आमी तर त्याचसाठी..." बाबा बोलायला लागले. आईनं त्यांच्या पायावर पाय ठेवला.

हर्षदचं लक्ष मात्र कॉम्प्युटरकडे. खोलीच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर मॉनिटर, शेजारी कॉम्प्युटरचा डबा. डब्यावर क्रोशाचं विणलेलं झाकण. झाकणावर एकवीरा आईचा फोटो, फोटोला झेंडूचा हार आणि फोटोसमोर प्लास्टिकचं गुलाबी कमळ. कमळात बारीकसा दिवा पेटलेला.

"तो दिवा कुठे लावलाय?" हर्षदने भाविकाला हळूच विचारलं.

"कॉम्प्युटरलाच. मागे, यूएसबीला. आई दिवा बंद करू देत नाही. म्हणून तर कॉम्प्युटर कधी बंद करत नाही आम्ही. फक्त रिस्टार्ट! लटकला की आई झोपल्यावर मीच बटण दाबून सोडवते." भाविका कुजबुजली. "हर्षद, त्याचा तर काही प्रॉब्लेम नसेल ना?"

हर्षद हसला. असा हसला की जणू भाविकाने समुद्रात मासे असतात का असं विचारलं होतं.

"अगं, दिवा आहे तो! नुसता उजेड! उजेडामुळे कधी लिनक्स लटकतं का? तू अकाउंट्स बघ, हे मी बघतो."

खुर्ची ओढली, बाह्या सरसावल्या, बोटं मोडली. मागे सोफ्यावर दोन्ही घरची माणसं ओळीनं बसली. नाटकाचा पडदा वर जायच्या आधी बसतात ना, तशी.

"काका, रोजचं काम नीट चालतंय ना? मग रिस्टार्ट कशाला पाहिजे तुम्हाला?" हर्षदने सुरुवातीलाच गड सर करायचा प्रयत्न केला. "आमचे ऑफिसातले सर्व्हर वर्षानुवर्षं रिस्टार्ट होत नाहीत. हीच तर लिनक्सची खासियत!"

"म्हंजे तू कधी रिस्टार्ट केलंच नाय?" नाखवांनी विचारलं.

"केलंय ना... म्हणजे, तशी वेळच येत नाही."

"बग पोरा," नाखवा पुढे सरकले, "बोटीचं इंजिन बंदरात कोणीपण चालू करतो. माझी आईपण करायची. पण भर दर्यात इंजिन बंद पडलं आणि परत चालू झालं नाय, तर माणूस घरी येत नाय. जे परत चालू होत नाय, त्याच्यावर आपला भरवसा नाय. मग ते इंजिन असो, कॉम्प्युटर असो, नायतर जावई असो!"

बाबांनी मान डोलावली. हर्षदला आपल्याच वडिलांचा राग आला.

"रिस्टार्ट करून दाखव," नाखवा म्हणाले.

"आत्ता दाखवतो!"

हर्षदने काळी खिडकी उघडली, तीत भराभर पांढरी अक्षरं टाकली. बोटं अशी चालली की आई अभिमानानं जयाकाकीकडे बघायला लागली. एका ओळीत काहीतरी बदललं, दुसरीत काहीतरी वाढवलं आणि मग फार झोकात रिस्टार्टचं बटण दाबलं.

"हं! आता बघा!"

सगळ्यांनी बघितलं. काळा पडदा. कोपऱ्यात पांढरी रेघ. लुक. लुक. लुक.

"येतंय, येतंय," हर्षद म्हणाला.

लुक. लुक.

"हे तर आमालापण येतं," नाखवा म्हणाले.

आता लटकलेला कॉम्प्युटर सोडवायचा तर बटण दाबून धरायचं, दुसरा उपाय नाही. जयाकाकी आत गेली आणि नाखवा बाबांशी बोलण्यात गुंतले हे बघून हर्षदने बटण दाबून धरलं. कॉम्प्युटर बंद झाला. कमळातला दिवाही बंद झाला! हर्षदने घाईघाईनं परत बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरळीत चालू झाला, दिवाही लागला.

"कोणी दिवा घालवला?" आतून आवाज आला.

खरं सांगतो, स्वयंपाकघरातून देवाचा दिवा दिसत नव्हता. मध्ये अख्खी भिंत होती. पण जयाकाकीला कळलं. बायकांना कळतं.

"कोणी नाही, काकी!" हर्षद ओरडला. आणि मग जी चूक माणसानं कधी करू नये ती त्यानं केली. त्यानं कारण दिलं. "व्होल्टेज! व्होल्टेजची गडबड आहे जरा!"

बोलून गेला, आणि विसरून गेला. त्याच्या डोक्यात आता नवा बेत होता. लिनक्सचा गाभाच नवीन घालायचा, नवा ताजा. त्यानं अपडेट सुरू केलं आणि निवांत मागे वळून आईकडे बघून डोळा मारला.

तिकडे व्होल्टेज कामाला लागलं होतं.

नाखवा उठून दारात गेले. "रत्नप्रभा! ए रत्नप्रभा! तुझ्याकडे व्होल्टेज बरोबर हाय का?"

"का हो नाखवा, काय झालं?" शेजारच्या रत्नप्रभाबाई कमरेवर हात ठेवून बाहेर आल्या.

"वरखाली होतंय. आमच्याकडे इंजिनीयर आलाय अंधेरीवरनं, तो सांगतोय!"

झालं! रत्नप्रभाबाईंनी पलीकडे सांगितलं, पलीकडच्यांनी त्यापलीकडे. आता दांड्याच्या त्या गल्लीत घराघरांत मासळीचे फ्रीजर. व्होल्टेज वरखाली झालं की पहिला बळी त्यांचा जातो, हे तिथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. पटापट फ्रीजरच्या वायरी निघाल्या. कोणीतरी म्हणालं, नुसतं व्होल्टेज नाही, मोठी लाइन उडणार आहे. कोणी म्हणालं, दिवसभर नाही येणार आता. बघता बघता गल्लीतल्या बाया टोपल्या घेऊन बाहेर आल्या. ऑक्टोबरचं ऊन आणि फ्रीजर बंद! बर्फासाठी माणसं धावली, आणि त्या धावण्याबरोबर आरडाओरडाही धावला.

"हर्षद," भाविका आत आली. तिचा चेहरा पांढराफटक. "तू बाबांना व्होल्टेजचं काय सांगितलंस?"

"काही नाही गं. असंच."

"असंच? बाहेर ये आणि बघ असंच!"

हर्षदने खिडकीतून डोकावलं. समोर सगळी गल्ली टोपल्यांसकट उभी. एका टोपलीतला हलवा मासा त्याच्याकडेच टक लावून बघत होता.

"थांब, मी जाऊन सांगतो की व्होल्टेज ठीक आहे."

"आणि मग दिवा का गेला म्हणून सांगणार?"

हर्षद खाली बसला.

"आधी रिस्टार्ट करून दाखवतो," तो म्हणाला. "एकदा हे झालं ना भावू, की सगळं आपोआप सुटतं. अपडेट संपतच आलंय. झाला म्हणून समज!" एवढं होऊनही त्याचा आवाज तसाच खणखणीत. आत्मविश्वास म्हणजे असा की बोट बुडताना कप्तान म्हणेल, काही नाही, समुद्र जरा वर आलाय!

तेवढ्यात नाखवा वादळासारखे आत आले. "मेन बंद करतो! घरातलं सगळं जळायच्या आत मेन बंद करतो!"

"काका, नको! अपडेट चालू आहे! काका, मध्येच बंद केलं तर—"

खट्!

पंखा थांबला. फ्रीज थांबला. मॉनिटर काळा झाला. आणि एकवीरा आईसमोरचा दिवा गेला. यावेळी परत लागला नाही.

जयाकाकी हातातल्या झाऱ्यासकट बाहेर आली. तिनं फोटोकडे बघितलं. मग हर्षदकडे. मग परत फोटोकडे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही.

"लग्नाची बोलणी करायला बसलो आणि आईचा दिवा शांत झाला," ती हळू आवाजात म्हणाली. "मगाशीपण झालेला. मला कळत नाय काय? आईच्या मनात नाय हे."

"काकी, तसं नाहीये. ती नुसती पाच व्होल्टची—"

"हर्षद, गप," भाविका म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

नाखवा खाली बघत म्हणाले, "घाडीगावकर, तुमी मोठी माणसं, लांबनं आलात. जेवून जा. पण बायकोच्या मनात एकदा आलं की... वर्सोव्याच्या लोकांना मी उद्या फोन करतो."

हर्षदने काळ्या मॉनिटरकडे बघितलं. पाच मिनिटांचं काम! आता काय, भाविका कायमची वर्सोव्याला जाणार आणि आपण आयुष्यभर अंधेरीत न लटकणारे सर्व्हर बघत बसणार. त्याला एकदम रडावंसं वाटलं.

आणि इतका वेळ गप्प बसलेले बाबा उठले. शर्टाची गुंडी लावली, घसा खाकरला.

"नाखवानू, एक नारळ मेळात काय?"

"नारळ?"

"आमी गावचे घाडी. देवळात गाऱ्हाणा घालूचो मान आमच्या घराण्याचो. माझो बापूस घालायचो, आता गावाक गेलंय की मी घालतंय. अडलेला काम देवाच्या कानार घालूक होया. आयेच्या मनात नाय तर आयेक इचारूया, तिच्यासमोर उभ्यान. मगे ठरवा."

"बाबा, प्लीज!" हर्षद पुटपुटला. भर दांड्यात, सासुरवाडीत, कॉम्प्युटरसमोर गाऱ्हाणं! ऑफिसात कळलं तर? सिस्टिम अॅडमिनचे वडील कॉम्प्युटरला नारळ देतात!

"तू गप ऱ्हव, मेल्या. तुझा बघला आमी."

जयाकाकीनं झारा खाली ठेवला. देवाचं नाव निघाल्यावर ती थोडी निवळली. नारळ आला, पाट आला, तांदूळ आले. बाबांनी डोक्यावर रुमाल बांधला, कोपऱ्यापाशी गेले आणि थबकले.

"ह्या काय?" त्यांनी गुलाबी कमळाकडे बोट दाखवलं.

"आईचा दिवा," जयाकाकी म्हणाली. "जुना बिघडला, म्हणून गेल्या महिन्यात जत्रेतनं नवीन आणला."

"लायटीच्या दिव्यार गाऱ्हाणा नाय चलणा. आगीची साक्ष होयी. तेलवात करा, खरो दिवो लावा. शेवंते, ता कमळ बाजूक कर. नारळ ठेवक जागा होयी."

आईनं पदर खोचला. कमळ उचललं. वायर लांबपर्यंत गेलेली. तिनं ती दोन्ही हातांनी, पडवळ वेलीवरून काढावं तशी कॉम्प्युटरच्या मागून खेचून काढली आणि कमळ अदबीनं सोफ्यावर ठेवलं. जयाकाकीनं पितळेचं निरांजन लावलं. खरी ज्योत उभी राहिली.

बाबांनी डोळे मिटले. आणि मग त्या कमी बोलणाऱ्या माणसाच्या पोटातून असा आवाज निघाला की बाहेरच्या टोपल्यावाल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बा आये एकवीरे! बारा येशीच्या, बारा वाडीच्या देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आईनं साथ दिली.

"आज ह्या दांड्याच्या येशीत, ह्या नाखवाच्या घरात, ह्या लेकरांनी एक मंगल कार्य मांडल्यानी हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता नाखवाही म्हणाले.

"त्या कार्यात ह्या पेटयेन खोडो घातलो हा! कोणाची नजर लागली आसात, कोणी वायट बोलला आसात, कोणाचा बोट नको त्या बटनार पडला आसात..."

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यांनी हर्षदकडे बघून म्हटलं.

"...तर ती सगळी इडापीडा उचल आणि सात समुद्रात न्हेवन टाक रे म्हाराजा!"

"थांबा!" नाखवा ओरडले. "समुद्रात नको! आमच्या बोटी हायत तिथं!"

बाबांनी एक डोळा उघडला. "मगे? डोंगरात टाकू?"

"डोंगरात एकवीरा आई बसलीय!" जयाकाकी म्हणाली.

पेच पडला. इडापीडा उचलून तयार आणि ठेवायला जागा नाही! दारातल्या बायाही विचारात पडल्या. कोणी म्हणालं रेल्वेच्या पलीकडे, तर तिकडे कोणाची तरी बहीण दिलेली.

"आमच्या कांजूराक डम्पिंग आसा," आई म्हणाली. "सगळ्या मुंबयचो कचरो थंयच येता. ह्या एक जास्त."

"झाला!" बाबांनी डोळा मिटला. "ती इडापीडा कांजूरच्या डम्पिंगार न्हेवन टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी गल्ली गरजली.

"आणि ह्या लेकरांच्या कार्याक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज कोणाचा होता सांगू? अंधेरीच्या सिस्टिम अॅडमिनचा! कधी हात जोडले आणि कधी ओरडला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

नारळ वाढवला. नाखवांनी मेन चालू केला. पंखा फिरला. हर्षदने कॉम्प्युटरचं बटण दाबलं. अर्धवट अपडेटचं काय झालं असेल या विचारानं त्याच्या तळहाताला घाम सुटला होता. पण लिनक्स बिचारं सोशिक. थोडं कण्हलं, कुंथलं आणि चालू झालं.

"हे तर आधीपण व्हायचं," नाखवा म्हणाले. "रिस्टार्ट?"

हर्षदने एकवीरा आईकडे बघितलं. मग भाविकाकडे. आणि रिस्टार्ट दाबलं.

काळा पडदा.

रत्नप्रभाबाईंच्या टोपलीतून पाण्याचा थेंब पडला तो ऐकू आला.

कोपऱ्यात पांढरी रेघ. लुक. आणि... पुढे सरकली! अक्षरं धावली, चित्र आलं, नाखवांच्या बोटीचा फोटो पडदाभर उभा राहिला!

"झालं!" भाविका किंचाळली.

"परत कर!" नाखवा म्हणाले.

परत केलं. परत झालं. अजून एकदा केलं. अजून एकदा झालं. नाखवा धावत दारात गेले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "व्होल्टेज आलं रं! लावा फ्रीजर!" गल्लीत एकच जल्लोष उठला. फ्रीजर घुरघुरायला लागले, टोपल्या आत गेल्या, आणि प्रत्येक जण एकमेकांना सांगू लागला की नाखवांकडे कोकणातनं एक मोठे गृहस्थ आलेत, त्यांनी मंत्र घालून लाइन आणली!

या गडबडीत हर्षद सोफ्याशी उभा होता. समोर ते गुलाबी कमळ पालथं पडलेलं. त्याच्या बुडाला एक बारीक फट, फटीत एक मेमरी कार्ड आणि खाली सोनेरी अक्षरांत छापलेलं: सर्व देवतांच्या आरत्या.

हर्षद बघतच राहिला. म्हणजे तो नुसता दिवा नव्हता! कॉम्प्युटरला तो पेनड्राइव्ह वाटायचा. बंद करून चालू केलं की दिवा उशिरा जागा व्हायचा, कॉम्प्युटर त्याच्याकडे बघायचाही नाही. पण रिस्टार्टला दिवा आधीपासूनच जागा. मग कॉम्प्युटर आधी त्याच्यातच शिरायचा आणि त्या आरत्यांमध्ये लिनक्स शोधत बसायचा! कुठून सापडणार?

"सापडलं!" हर्षद ओरडला. छाती पुन्हा फुगली, मान पुन्हा ताठ झाली. "काका, कारण सापडलं! या दिव्या—"

भाविकानं त्याचा दंड असा चिमटला की 'मुळे' घशातच राहिलं.

"आईला सांगणार आहेस?" ती कानात फिसकारली. "आत्ता? तिनं जत्रेतनं आणलेल्या देवाच्या दिव्यामुळे घोळ झाला म्हणून? सांग. सांग आणि मग वर्सोव्याला माझ्या लग्नात जेवायला ये."

हर्षदने तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एका प्रश्नाचं अचूक उत्तर माहीत होतं आणि ते सांगायची चोरी होती. त्यानं गुपचूप खिशातला मोबाइलचा चार्जर काढला, कमळ परत फोटोशेजारी ठेवलं आणि त्याची वायर चार्जरला लावून भिंतीच्या प्लगमध्ये खोचली. कॉम्प्युटरपासून चांगली हातभर लांब! गुलाबी दिवा लागला.

जयाकाकी मागे उभी राहून हे बघत होती. तिचे डोळे भरून आले.

"बघितलंत?" ती नवऱ्याला म्हणाली. "सगळी बाहेर नाचतायत आणि पोरगा एकटा आईचा दिवा लावतोय. देवाधर्माचा हाय हो! माझा होकार हाय!"

पानं मांडली गेली. पापलेट आलं, रावस आला, कालवण आलं. बाबांना पहिला तुकडा, दुसरा तुकडा आणि तिसराही तुकडा. नाखवा स्वतः वाढत होते. हर्षदच्या ताटात कालवणातली एक कोलंबी पडली होती, आणि तीही जरा लहानच होती. पण त्याला तक्रार नव्हती. समोर भाविका हसत होती.

"तर घाडीगावकर," नाखवांनी हात धुऊन सगळ्यांसमोर जाहीर केलं, "पोरगी तुमच्या घरात दिली!"

"व्हय म्हाराजा!" आई सवयीनं म्हणाली.

हर्षद उठून नाखवांच्या पाया पडला. "काका, काळजी करू नका. आता तुमचा कॉम्प्युटर म्हणजे माझी जबाबदारी!"

"त्याचंच बोलायचंय." नाखवा गंभीर झाले. त्यांनी हर्षदच्या खांद्यावर हात ठेवला. "एक अट हाय. लग्नानंतर तू जावई म्हणून कधीपण ये, खा, पी, राहा. घर तुझंच हाय. फक्त कॉम्प्युटरला हात लावायचा नाय. काय बिघडलं तर व्याह्यांना पाठवायचं."

खोलीतल्या सगळ्या माना एकमतानं डोलल्या. हर्षदने भाविकाकडे बघितलं. तीही मान डोलावत होती.

"कबूल," हर्षद म्हणाला.

"येतलंय की!" बाबांनी पापलेटचा काटा ताटाच्या कडेला नीट लावून ठेवला. "तसो झील हुशार आसा माझो. येताना नारळ धरूक तेका घेवन येतंय."